कोहळा बांधलेले दार

जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबत आणि कठड्याच्या लोखंडी नळीवर मधल्या बोटाचे पेर आपटत. दोन ठोके जलद, तिसरा सावकाश. क्षणभर कान देत आणि मग पुढच्या पायऱ्यांना लागत. लिफ्ट चालू असली तरी त्यांचा हा क्रम चुकत नसे. एकदा मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "लिफ्टीत आवाज न्हाई की हो, गुरुजी. आवाज नसलं की मानूस हाय का न्हाई, कळत न्हाई."

जुळे सोलापूर भागातील आमच्या चार मजली इमारतीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते चौथ्या मजल्यावर एकटे राहत आणि मी पत्नीसह तिसऱ्यावर, बरोबर त्यांच्या खाली. वाचकहो, आपल्याही जिन्यात असा एखादा गृहस्थ असेल, ज्याची पावले आपण न पाहता ओळखतो आणि ज्याच्या घरी बसायला मात्र "एकदा जाऊ" असे म्हणत राहतो. त्याच्याविषयी आपल्याला पुष्कळ ठाऊक असते आणि जे विचारायला हवे होते तेवढेच नेमके ठाऊक नसते.

अण्णांचा जन्म शहराच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि कारखान्यात दखनी, अशा तीन भाषा ते एकाच वाक्यात सुखाने नांदवीत. ते चादरींवरील नक्षीचे कारागीर होते. चौकटींच्या कागदावर आधी फूल किंवा मोर उतरवायचा आणि मग त्या चौकटींप्रमाणे जाड पुठ्ठ्यांना भोके पाडायची. ते पुठ्ठे मागावर चढले की सुतातून तोच मोर उठत जातो. जन्मभर त्यांनी हेच केले. भिंतीपलीकडे अहोरात्र माग चालत आणि त्या खडखडाटात त्यांना गाढ झोप लागत असे. पुढे पत्नी गेली. बेंगळुरूस नोकरी करणाऱ्या मुलाने वडिलांना शांतता मिळावी म्हणून आमच्या इमारतीत घर घेऊन दिले. मुलाचा हेतू निर्मळ होता. अण्णांना मात्र त्या शांततेत झोप येईना.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी दारावरची बेल काढून टाकली. माझी पत्नी त्यांना विरजण द्यायला वर गेली होती. ती म्हणाली, "अण्णा, बेल बिघडली का? आमच्याकडचा माणूस पाठवू?"

"बिघडली न्हाई, काकू. मीच काडली. बेल समद्यांची सारकीच वाजतीया. दार वाजवलं की हात कळतो."

ही नुसती बोलण्याची तऱ्हा नव्हती. दूधवाला, वॉचमन, सिलिंडर आणणारा, प्रत्येकाचा ठोका ते आतून ओळखत आणि दार उघडण्यापूर्वीच त्याचे नाव घेत. माझ्या ठोक्याविषयी त्यांचे मत असे, "तुमचं म्हंजे चार ठोके, चारी सारके. शाळा भरल्यासारकं वाटतंय." संस्कृत शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने यावर काय बोलावे?

गच्चीत वाळत घातलेल्या चादरी ते उभे राहून वाचत. वाचत हाच शब्द योग्य आहे. "ही अमक्या साली निघालेली," "ही आमची न्हाई, नक्कल हाय," असे स्वतःशीच बोलत पुढे सरकत. एकदा त्यांनी माझ्या पत्नीला खास वर बोलावून घेतले. ती घाबरून गेली, तर अण्णा दोरीकडे बोट दाखवून गंभीरपणे म्हणाले, "काकू, मोराचं डोकं खाली आलंय. सुताचा असला तरी त्याला तरास होतोच की." त्या दिवसापासून आमच्या घरच्या चादरी सुलट वाळतात.

हे झाले त्यांच्या आवाजाविषयी. आता त्या सणाविषयी सांगतो, ज्याच्यामुळे मला हे लिहावेसे वाटले.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. इमारतीतील तरुण मातांनी लिहिले होते की महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी हॅलोवीननिमित्त मुले भुतांची सोंगे घेऊन घरोघरी येतील. ज्यांची इच्छा असेल त्यांनी दारात भोपळा ठेवावा. भोपळा असलेल्या दारीच मुले येतील.

मी तो कागद दोनदा वाचला. पितृपक्ष नुकताच होऊन गेलेला. ज्यांचे स्मरण आपण दर्भ आणि तीळ घेऊन करतो, त्यांचे सोंग मुलांनी चॉकलेटासाठी घ्यावे, हे माझ्या मनाला रुचेना. घरी येऊन तसे बोललो.

पत्नी म्हणाली, "दसऱ्याला सोनं द्यायला मुलं येतात, तेव्हा दारात उभे असता ना?"

"ती आपट्याची पानं घेऊन येतात. भुतं होऊन येत नाहीत."

"मुलं दारात येतात, एवढं पुरे आहे मला," ती म्हणाली आणि घारग्यांसाठी आणलेला लाल भोपळा तिने उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला. "उद्या घारगे करीन. आज राहू दे तिथे."

अण्णांना मात्र या सणाचे काहीच नवल वाटले नाही. जिन्यात भेटले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. "आमच्या गल्लीत मोहरमला आमी वाघ व्हायचो की, गुरुजी. अंगाला पिवळा रंग, वर काळे पट्टे. घरोघर जायचं, नाचायचं. कुनी दार लावलं न्हाई कदी." मग थोडे थांबून त्यांनी हळूच विचारले, "हितं पोरं चौथ्या मजल्यावर येतील का हो?"

"येतील की," मी म्हणालो.

"शेंगदान्याचे लाडू करतो. पोरास्नी दात असतेत, चावतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्याला अर्घ्य देण्यासाठी गच्चीकडे जाताना त्यांच्या चौकटीवर मला कोहळा टांगलेला दिसला. सुतळीच्या जाळीत नीट बसविलेला, हळदकुंकू लावलेला, शेजारी लिंबू-मिरची. विणकरांच्या घरी आणि दुकानांतून असा कोहळा मी नेहमी पाहत आलो आहे. अमावस्या जवळ आली म्हणून बांधला असेल, असे मी गृहीत धरले. विचारले नाही.

त्याच रविवारी माझा बालवर्ग होता. इमारतीच्या आवारात मारुतीचे लहानसे मंदिर आहे. तिथल्या पायरीवर मी मुलांना स्तोत्रे सांगतो. दुसऱ्या मजल्यावरील सई तेव्हा सात वर्षांची होती. तिने विचारले, "आजोबा, अण्णा आजोबांच्या दारावर ते पांढरं पांढरं काय लटकवलंय?"

शिक्षकाला प्रश्न आवडतो, आणि निवृत्त शिक्षकाला तर फारच. मी सविस्तर उत्तर दिले. त्याला कोहळा म्हणतात, संस्कृतात कूष्मांड. घरावर येणारी दृष्ट तो स्वतःवर घेतो. जिथे तो विधीने बांधलेला असतो, तो उंबरठा भूतपिशाचांना ओलांडता येत नाही, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. मुले अगदी स्तब्ध बसून ऐकत होती. वर्ग चांगला झाला, या समाधानात मी घरी गेलो.

त्या पहिल्या वर्षीची भुते साधी होती. घरात जे सापडले ते अंगावर घेतलेले, बहुतेक चादरीच. सोलापूरच्या मुलांना भूत व्हायला याहून जवळची वस्तू कोणती असणार? सातआठ भुते आमच्या दारात उभी राहिली. सर्वांत पुढे सई होती. तिची चादर मागे दोन पायऱ्यांवर लोळत होती.

"भूऽऽ," ती म्हणाली. मी काही बोललो नाही तेव्हा हळू आवाजात पुढे म्हणाली, "आजोबा, घाबरा ना."

मी यथाशक्ती घाबरलो आणि प्रत्येकाच्या हातावर खडीसाखर ठेवली.

"देवापुढची आहे का?" तिने विचारले.

"हो, प्रसादाची आहे."

"मग आम्ही खाली जाऊन खातो. भुतांना देवासमोर खाता येत नाही."

मला तिच्या काटेकोरपणाचे कौतुक वाटले. भुते वर गेली आणि थोड्याच वेळात पुन्हा आमच्या दारावरून धडधडत खाली उतरली.

रात्रीच्या जेवणाआधी आमच्या दारावर दोन जलद आणि एक सावकाश असा ठोका पडला. अण्णा डबा घेऊन उभे होते. डबा लाडवांनी भरलेला होता. "काकू, हे घ्या. मी एकटा किती खानार."

"मुलं आली नाहीत?" पत्नीने विचारले.

"आली की. पाय वाजले. दारापतुर आली, थांबली, कायतरी कुजबुजली. मी आत खुर्ची टाकून बसलो हुतो, ताट मांडीवर. वाजवतील म्हनून वाट बगितली. मग गेली." असे म्हणून ते एकाएकी हसले. "पन गुरुजी, दाराच्या भिंगातून बगितलं. एका भुताच्या पाटीवर माजा मोर हुता."

"तुमचाच कशावरून?"

"मानेवर तीन पिसं. सगळे मोर दोन पिसांचे असतेत. पुट्ट्याला एक भोक जादा पडलं माज्या हातनं. शेट म्हनाला, राहू दे, चांगलं दिसतंय. तीस वर्सं झाली. अजून हाय बगा कुनाच्या घरात." मग डब्याकडे पाहत म्हणाले, "दार वाजवलं असतं तर पोराला दाकवलं असतं, हे पीस माजं म्हनून."

"लाजली असतील," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी येतील."

पुढच्या वर्षी सण मोठा झाला. चादरी गेल्या. कुरिअरने आलेले पोशाख आले, हाडांचे सांगाडे छापलेले काळे झगे, टोकदार टोप्या, रबरी मुखवटे. दारोदारी प्लॅस्टिकचे नारिंगी भोपळे लागले, आत विजेचा दिवा असलेले. माझ्या पत्नीचा घारग्यांचा भोपळा त्यांत गरीब नातेवाइकासारखा दिसत होता. मुलांच्या हातात त्याच रंगाच्या बादल्या होत्या. माझी खडीसाखर बादलीच्या तळाशी पडली तेव्हा वाजली, एवढेच.

त्या संध्याकाळी मी सईला मुद्दाम सांगितले, "वर अण्णांकडेही जा हं. ते वाट पाहतात."

"तिथे जाता येत नाही, आजोबा," ती म्हणाली आणि इतर भुतांमागे पळाली.

मला वाईट वाटले आणि थोडा रागही आला. एकट्या राहणाऱ्या परक्या माणसाच्या घरी जायचे नाही, असे कोणा आईने बजावले असणार, असा तर्क मी केला. तो तर्क मी कोणाला बोलून दाखविला नाही आणि पडताळूनही पाहिला नाही. मनातल्या मनात एका निरपराध बाईला दोषी ठरवून मोकळा झालो. अण्णांना हे सांगणे तर शक्यच नव्हते.

त्या वर्षी अण्णा लाडवांचा डबा घेऊन आले ते तीनचार दिवसांनी. दार उघडले आणि मी क्षणभर त्यांना ओळखलेच नाही. जन्मभराची जाड, पांढरी, टोकांना वळलेली मिशी त्यांनी काढून टाकली होती. ओठावरची कातडी लहान बाळासारखी कोवळी दिसत होती.

"हे काय केलंत, अण्णा?" पत्नी म्हणाली.

"पोरं मिशीला भितेत का काय, असं वाटलं." त्यांनी ओठावरून हात फिरविला. "आरशात माजे वडील दिसायचे, ते बी गेले. पुडल्या वर्साला बगू."

अधूनमधून ते जिन्यात भेटत तेव्हा विचारत, "ते पोरांचं कदी असतंय हो? दिवाळीच्या आदी का मागनं?" तिथीने न येणारा सण त्यांच्या ध्यानात राहत नसे. मी सांगत असे. ते मान हलवीत, नळीवर ठोका देत आणि वर जात.

तिसऱ्या वर्षी सूचनाफलकावर छापील कागद लागला. घरोघरी फिरल्याने ज्येष्ठ नागरिकांना त्रास होतो, म्हणून यंदा सर्व कार्यक्रम पार्किंगमध्ये एकत्रित होईल. सजावट, संगीत आणि उत्कृष्ट वेषभूषेला बक्षीस. ज्येष्ठांसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था.

अण्णांनी तो कागद बोट ठेवून वाचला. मग माझ्याकडे वळले. "जेष्ठ म्हंजे आमीच की."

"होय."

"मग आमाला इचारलं का कुनी, तरास होतो का म्हनून?"

अण्णांच्या चौकटीवर त्या दिवशी नवा कोहळा लागला होता. लाडूही वळून तयार होते.

संध्याकाळी मी त्यांना खाली घेऊन गेलो. मोटारी हलवून त्या जागी कापसाची जाळी आणि काळे पडदे लावले होते. ज्येष्ठांच्या खुर्च्या शेवटच्या ओळीत होत्या. ध्वनिक्षेपकाची भिंत इतकी मोठी होती की छातीत कंप जाणवे. मला वाटले, अण्णांना निदान आवाज तरी मिळाला. पण ते कानाशी येऊन म्हणाले, "ह्यो मानसाचा आवाज न्हाई, गुरुजी. मागाचा बी न्हाई." मुलांच्या गालांवर रंगाने चित्रे काढणारी एक मुलगी ओळीतून फिरत आली आणि तिने गमतीने विचारले, "आजोबा, तुम्हाला कोळी काढू?" त्यांनी निमूटपणे गाल पुढे केला. गालावर कोळी घेऊन ते तास दीड तास हात मांडीवर ठेवून बसले होते. एकही मूल शेवटच्या ओळीपर्यंत आले नाही. ते दुष्टपणाने नव्हे, त्यांचे काम पुढे होते.

"मी जातो वर," ते अखेरीस म्हणाले. "कुनी आलं तर दार बंद नको."

त्यानंतरच्या रविवारी बालवर्ग संपला आणि मुले उठली. सई चपला घालत होती. मी विचारले, "यंदा खालीच झालं म्हणून बरं वाटलं का तुला?"

"नाही. घरी जायचं तेच मस्त होतं," ती म्हणाली. "फक्त चौथ्या मजल्यावर जाता यायचं नाही, एवढंच."

"का जाता यायचं नाही? घरी कोणी नको म्हणायचं का?"

तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "तुम्हीच तर सांगितलं होतं, आजोबा. कोहळा बांधलेल्या घरात भुतांना जाता येत नाही. आणि आम्ही भुतं होतो ना. आम्ही दारापर्यंत जाऊन बघायचो, काढलाय का म्हणून. कोहळा असायचाच."

मी उठलो आणि थेट चौथ्या मजल्यावर गेलो. दारावर चार ठोके दिले.

"या, गुरुजी," आतून आवाज आला.

बसल्यावर मी विचारले, "अण्णा, हा कोहळा तुम्ही कशासाठी बांधता?"

त्यांनी मी चेष्टा करतो आहे का, हे पाहिले. "नोटिशीत लिवलं हुतं की. भोपळा असंल त्याच दारात पोरं येनार म्हनून. आता दारात बांदायचं फळ म्हंजे कोहळाच. ते कापून, तोंड काडून ठेवतेत म्हनं, पन कापलेलं फळ दारात कोन ठेवील?"

ज्या वस्तूने ते मुलांना बोलावीत होते, त्याच वस्तूने मी मुलांना परत पाठवीत होतो. तीन वर्षे. मी सगळे सांगितले, काही लपविले नाही. माझा वर्ग, माझे उत्तर, आणि सईने "जाता येत नाही" म्हटल्यावर मी केलेला खोटा तर्कही.

अण्णांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "म्हंजे मला बघून भ्याले न्हाईत."

"नाही, अण्णा."

"तसं न्हाई तर." त्यांनी दीर्घ श्वास सोडला. "मी म्हनत हुतो, काय दिसतंय पोरास्नी माज्यात. नेमाची पोरं हायत की, गुरुजी. भूत झाली तर भुतासारकी वागली. चांगलं शिकवलाव." पुन्हा ओठावर हात गेला. "मिशी तेवडी फुकट गेली."

आम्ही दोघेही हसलो. मी इतका हसलो की डोळे पुसावे लागले.

ठरले ते असे. पुढच्या वर्षी कोहळा बांधायचा नाही, आणि पार्किंगमध्ये काहीही होवो, मी स्वतः मुलांना वर घेऊन येईन. सईलाही मी हे सांगितले, मोराच्या तिसऱ्या पिसाची हकिकतही सांगितली. ती म्हणाली, "ती चादर आहे अजून आमच्याकडे. मी तीच घेऊन येईन. नक्की." अण्णा तर त्याच क्षणी स्टूल घेऊन कोहळा उतरवायला उठले होते. मीच त्यांना थांबविले. विधीने बांधलेली वस्तू भलत्या दिवशी उतरवू नये, येत्या अमावस्येला उतरवू, असे मी म्हणालो. त्यांनी ऐकले. माझे ते नेहमीच ऐकत.

अमावस्येच्या चार दिवस आधी ते न्हाणीघरात पडले. मुलगा त्याच संध्याकाळी गाडी घेऊन आला आणि त्यांना बेंगळुरूला घेऊन गेला. जाताना घराची किल्ली आमच्याकडे दिली. लिफ्टमधून खुर्चीवर बसवून नेले त्यांना. मजले उतरले, पण ठोका एकाही मजल्यावर पडला नाही.

तिकडून ते फोन करीत. अठराव्या मजल्यावर राहतो, म्हणत. काचा आहेत, खालचे काही ऐकू येत नाही. "हितं दार वाजवत न्हाईत, गुरुजी. खालनं फोन येतो, मग दार आपोआप उघडतंय." बोलणे संपले की फोनवर बोटाचे पेर आपटत. दोन जलद, एक सावकाश. मी चार ठोके देत असे. पत्नी म्हणे, दोन म्हातारे तारा पाठवताहेत. श्रावणात मुलाचा निरोप आला.

यंदा पितृपक्षात तर्पण करताना आप्त आणि सुहृद यांच्यासाठी पाणी सोडतात, तिथे मी अण्णांचे नाव घेतले. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप म्हणावे, असा संकेत आहे. तेच म्हटले. इतकी वर्षे एका जिन्याने चढलो-उतरलो आणि हेही मी विचारले नव्हते.

ऑक्टोबरची शेवटची संध्याकाळ आली. पार्किंगमध्ये संगीत सुरू झाले, आमच्या खिडकीची तावदाने थरथरू लागली. मी किल्ली न घेता वर गेलो. कोहळा चौकटीवर तसाच होता, वर्षभरात वाळून तपकिरी झालेला. तो जिथे बांधलेला असतो तो उंबरठा भुतांना ओलांडता येत नाही, हे मुलांना मीच शिकविले होते, आणि ज्यांनी तो बांधला ते आता कोणत्या बाजूला आहेत, हा विचार काही दिवस माझ्या मनातून जात नव्हता. मी सुतळी सोडली. हातात घेतला तर तो रिकाम्या डब्यासारखा हलका लागला. आत बिया वाजल्या. त्या दिवशी तिथी कोणती होती, हे मी पाहिले नाही.

जिन्यावर पावले वाजली. सई वर येत होती. अंगावर मोराची चादर होती. तीन वर्षांपूर्वी दोन पायऱ्या मागे लोळणारी ती चादर आता तिच्या घोट्यांपर्यंतच पोचत होती. मानेवर तीन पिसे होती.

"अण्णा आजोबा नाहीत, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण मी येईन म्हटलं होतं."

मी बाजूला झालो.

तिने चौकटीकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या कोहळ्याकडे. "काढलात ना? मग आता जाता येईल."

तिने चादरीतून हात मोकळा केला आणि दार वाजविले. लहान, घाईचे, एकाला एक लागून आलेले तीन ठोके. खालच्या संगीतातही ते मला स्पष्ट ऐकू आले. आम्ही दोघे उभे राहिलो, दार उघडण्यासाठी माणूस जेवढा वेळ थांबतो तेवढा वेळ.

दारावरचा ठोका ऐकून अण्णा हात ओळखत. हा हात त्यांनी कधीच ऐकला नव्हता.